माळरान आणि गायरानातला बदल फोटोंतून कसा नोंदवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती ग्रामपंचायती, पाणलोट समित्या, मेंढपाळ आणि पशुपालक गट, वनकर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरणे दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातली आहेत: सुपे, इंदापूर, कर्जत, माण, सांगोला, नान्नज. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, उथळ मुरमाड जमीन, अधूनमधून उघडा कातळ आणि त्यावर गवत, असा हा मुलूख.

पुनर्छायाचित्रण म्हणजे नेमके काय?

त्याच जागेवरून, त्याच दिशेला, त्याच उंचीवरून, त्याच हंगामात पुन्हा पुन्हा फोटो काढणे आणि ते शेजारी शेजारी ठेवून काय वाढले, काय गेले, काय जागच्या जागी राहिले ते मोजणे. या पद्धतीची सुरुवात हिमनद्यांपासून झाली. १८८८ मध्ये सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञाने आल्प्समधल्या हिमनद्यांचे असे फोटो घ्यायला सुरुवात केली. पुढे चराऊ कुरणांसाठी ती फार कामाची ठरली. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉनजवळ सांता रीटा हे संशोधन कुरण आहे. १९०३ मध्ये ते स्थापन झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या ठरावीक जागांचे फोटो घेतले जात आहेत. मोकळ्या गवताळ रानात मेस्किटची झुडपे कशी पसरत गेली, ते त्या फोटोंत दशकागणिक दिसते. आपल्याकडे ओढ्याकाठी आणि गायरानात माजलेली वेडी बाभूळ याच मेस्किटची भावकी आहे. म्हणून ते फोटो आपल्यालाही परके वाटत नाहीत.

उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात. मग पायपीट कशाला?

दोन्ही लागतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रे १९७२ पासून आहेत, पण १९८४ नंतरच्या चित्रांतही एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. त्या ठिपक्यात मारवेल आहे की टाकळा, ते कळत नाही. दोन्ही हिरवेच दिसतात. गुरांच्या दृष्टीने मात्र एक चारा आहे आणि दुसऱ्याला ती तोंड लावत नाहीत. जमिनीवरच्या फोटोत गवताचे ठोंब, त्यांच्यातली उघडी माती, पावसाने धुऊन उघडे पडलेले दगड, शेंडे खुडलेली बोर, हे सगळे दिसते. उपग्रह किती भागात बदल झाला ते सांगतो, फोटो बदल कसला ते सांगतो.

किती फोटोबिंदू घ्यावेत आणि कुठे?

चाळीस हेक्टरच्या गायरानाला सहा ते आठ बिंदू पुरतात. वीस बिंदू ठरवून दोन वर्षांत कंटाळून सोडून देण्यापेक्षा सहा बिंदू वीस वर्षे चालवणे कितीतरी मोलाचे.

आधी कागदावर गायरानाचे भाग पाडा: माथा, उतार, पायथा, ओढ्याकाठ. प्रत्येक भागात किमान एक बिंदू घ्या. जिथे काही काम होणार आहे (चराईबंदी, सलग समतल चर, वेडी बाभूळ काढणे, गवताचे बी टाकणे) तिथे तीन, आणि तशाच जमिनीवर जिथे ते काम होणार नाही तिथे आणखी तीन. या दुसऱ्या तिघांना लोक हमखास फाटा देतात आणि पाच वर्षांनी पस्तावतात. चांगल्या पावसाच्या सालात सगळीकडेच गवत वाढते. तुलनेला जागा नसेल तर ते पावसामुळे वाढले की कामामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

चराईचा ताण पाहायचा असेल तर पाणवठ्यापासून १००, ३०० आणि ६०० मीटरवर एका रेषेत बिंदू ठेवा. गुरे पाण्याजवळ जास्त रेंगाळतात, त्यामुळे ताण पाण्यापासून लांब जाताना उतरत जातो.

बिंदू डोळ्यांना आवडला म्हणून निवडू नका. सर्वात उजाड कोपरा निवडला तर पुढे तो सुधारलेलाच दिसणार, कारण त्याहून खाली जायला जागाच नसते. नकाशावर भाग ठरवा, त्यात चिठ्ठी टाकून जागा काढा, आणि तिथे जाऊन फक्त एवढे बघा की समोर तीस-चाळीस मीटर मोकळे दिसते आणि मागे क्षितिजावर एखादी टेकडी, मंदिराचा कळस किंवा पाण्याची टाकी आहे. ती मागची खूण पुढे फार उपयोगी पडते.

खुंटी कशाची आणि कशी ठोकायची?

प्रत्येक बिंदूला दोन खुंट्या लागतात. एक कॅमेऱ्याची, दुसरी तिच्यापासून बरोबर दहा मीटरवर पट्टीची (पट्टी म्हणजे फोटोत माप दाखवणारा एक मीटरचा रंगीत पाइप). बारा मिलिमीटरची बांधकामाची सळई, साठ सेंटिमीटर लांब. पन्नास सेंटिमीटर जमिनीत, दहा वर. मुरमात ती एकदम जात नाही. आधी पहारीने भोक पाडा, मग घणाने ठोका. वरचे टोक वाकवून आकडी करा, नाहीतर कापणी करणाऱ्याच्या पायात किंवा शेळीच्या खुरात घुसेल. आकडीला पिवळा ऑइलपेंट लावा.

लोखंड भंगारात जाते, हे गृहीत धरूनच चाला. म्हणून कॅमेऱ्याच्या खुंटीशेजारी तीस सेंटिमीटर उत्तरेला वीतभर लांबीची दुसरी सळई पूर्ण गाडून टाका, वर बोटभर माती. ती कोणाला दिसत नाही, आणि वरची गेली तरी जागा हरवत नाही. कातळ उघडा असेल तर सळईच्या भानगडीत न पडता छिन्नीने फुली कोरा. ती आपल्या नातवंडांनाही सापडेल.

खुंटी जमिनीच्या वर किती मिलिमीटर आहे, ते दर वेळी मोजून लिहा. सरळ उतारावर ही उंची दरसाल वाढत गेली तर माती धुऊन चालली आहे. मात्र खुंटी ठोकताना आजूबाजूची माती हलते, म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतरचे मोजमाप हेच मूळ धरा. गुरांनी धक्का देऊन वाकवलेल्या खुंटीचा आकडा सोडून द्या.

मोबाइलचा जीपीएस असताना खुंटी कशाला?

मोकळ्या माळावरसुद्धा मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. कॅमेरा एक मीटर बाजूला सरकला तर पाच मीटरवरचे झुडूप फोटोत अकरा अंशांनी सरकते. किलोमीटरभर लांबची टेकडी मात्र जागची हलत नाही. म्हणजे फोटो वरवर जुळल्यासारखा वाटतो, आणि जिथे गवत मोजायचे तो पुढचा भाग पूर्ण बदललेला असतो. जीपीएसने जवळ पोहोचा, खुंटीने जागा पकडा.

शिवाय तीन साक्षीखुणा घ्या: मोजणीचा दगड, मोठा धोंडा, विहिरीचे काठ, जुने हिवराचे झाड. प्रत्येकीपासून कॅमेऱ्याच्या खुंटीचे अंतर टेपने पाच सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजा आणि दिशेचे अंश लिहा. दोन अंतरांनी जागा निघते, तिसरे पडताळ्याला. झाड तोडले जाऊ शकते, म्हणून तीनही खुणा झाडांच्या घेऊ नका.

होकायंत्राबद्दल एक सावधगिरी. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक महाराष्ट्रात फार थोडा आहे, त्याची चिंता नको. पण काळा कातळ स्वतःच कधीकधी होकायंत्र ओढतो, सळई तर ओढतेच. खुंटीपासून दोन पावले मागे, त्याच रेषेत उभे राहून अंश घ्या. मग पट्टीच्या खुंटीकडून उलटी दिशा घेऊन बघा. दोन्हींत १८० अंशांचा फरक नसेल तर काहीतरी ओढते आहे.

पट्टी कशी बनवायची?

दोन इंची पीव्हीसी पाइपचा बरोबर एक मीटरचा तुकडा. दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून लाल आणि पांढरा पट्टा. गुळगुळीत पीव्हीसीवर रंग टिकत नाही, एका उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी पॉलिश पेपरने घासून घ्या आणि चमक नसलेला रंग लावा. चिकटपट्टी वापरली तर ती एप्रिलच्या उन्हात सुटते. पाइप खुंटीवर उभा बसवला की हाताने धरावा लागत नाही, पण तो सरळ उभा आहे ना, ते ओळंब्याने बघा.

ही पट्टी दोन कामे करते. एक, फोटोला माप मिळते. दोन, गवताची दाटी वाचता येते. त्यासाठी पट्टीपासून चार मीटरवर, डोळे जमिनीपासून एक मीटरवर आणून, गवताने न झाकलेला सर्वात खालचा पट्टा कोणता दिसतो ते बघायचे. ही रीत १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या गवताळ रानात रोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि आजही जगभर चालते. चारही दिशांनी वाचून सरासरी घ्या. माळटिटवीपासून सशापर्यंत कोणाला किती आडोसा आहे, हेही त्यावरून कळते.

कोणता कॅमेरा घ्यावा? मोबाइल चालेल का?

चालेल. महाग कॅमेऱ्यापेक्षा दर वेळी तेच भिंग, तीच उंची, हे महत्त्वाचे. मोबाइलचे मुख्य भिंग वापरा, म्हणजे १× असे दाखवते ते. रुंद भिंगाने कडा वाकतात, झूमने फोटो फुगवला जातो. फोटो आडवा, ४:३ मापाचा. भिंगाची उंची जमिनीपासून १.४ मीटर ठरवा आणि मोनोपॉड किंवा खूण केलेल्या काठीवर टेकवूनच फोटो काढा. उंच माणसाने डोळ्यांच्या उंचीवरून आणि बुटक्याने आपल्या उंचीवरून काढले की पहिल्या फोटोत ठोंबांमधली उघडी माती जास्त दिसते आणि दुसऱ्यात गवत दाट वाटते. गवत तेच असते.

मोबाइलमधली, दृश्य ओळखून रंग खुलवणारी सोय आधी बंद करा. ती सोनेरी गवत पिवळेधमक आणि फिकट हिरवे गवत गर्द करून टाकते. त्या फोटोवरून रंगाबद्दल काहीच म्हणता येत नाही. फोकस पट्टीवर, क्षितिज आडवे, आकाश वरच्या चौथ्या भागापुरते. प्रत्येक बिंदूवर दोन फोटो घ्या, एक जसा येतो तसा आणि एक थोडा गडद.

मोबाइल बदलला की त्या वर्षी जुन्या आणि नव्या दोन्हींनी सगळे बिंदू टिपा. हा एक दिवस फार मोलाचा ठरतो.

कोणत्या महिन्यात फोटो काढायचे?

वर्षातून दोनदा, आणि दोन्ही तितकेच महत्त्वाचे.

पहिला, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कापणीच्या आधी. डोंगरी, शेडा, पवन्या, मारवेल यांना तुरे आलेले असतात आणि चारा किती आला ते दिसते. तारखेपेक्षा गवताची अवस्था पाळा: कुसळीची कुसळे तयार झाली आहेत पण अजून झडलेली नाहीत, ही खूण धरा. पाऊस लांबला तर तारीखही आठवडाभर लांबते. ते नोंदवहीत लिहा.

दुसरा, एप्रिलच्या अखेरीस ते मेमध्ये. या फोटोचा कंटाळा करू नका, कारण माळरानाचे खरे दुखणे इथेच दिसते. पावसाळ्यात एकवर्षायू गवतेही जमीन हिरवी झाकून टाकतात. मेमध्ये ती नाहीशी झालेली असतात आणि राहतात ती बहुवर्षायू गवताची ठोंबे: वीतभर, करड्या रंगाची, बुडाशी घट्ट. चराई सोसेनाशी झाली की आधी शेडा आणि डोंगरी कमी होतात, मग कुसळीचे राज्य येते, शेवटी नुसती एकवर्षायू गवते उरतात. ऑक्टोबरच्या फोटोत या तिन्ही अवस्था जवळपास सारख्याच भरगच्च दिसू शकतात. मेच्या फोटोत जमिनीकडे वाकून बघा. ठोंब भोवतालच्या मातीपेक्षा दोन बोटे उंचावर बसलेले दिसले तर ठोंब वर आलेले नाहीत, भोवतालची माती गेली आहे. मुळे उघडी दिसतात, आणि ठोंबांच्या मधे बारीक खडी पसरलेली असते, कारण पाण्याने माती नेली आणि खडी मागे ठेवली.

दिवसाच्या कोणत्या वेळी?

सकाळी साडेआठ ते साडेदहा. दर वर्षी त्याच वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. शक्यतो उत्तरेकडे तोंड करून फोटो येईल असे बिंदू आखा, म्हणजे ऑक्टोबरच्या सकाळी ऊन मागून आणि उजव्या बाजूने येते. भर दुपारी सावल्या बुंध्यात शिरतात आणि झुडपांचा आकार कळत नाही. मेमध्ये अकरानंतर जमिनीलगतची हवा थरथरते, लांबचे काहीच स्पष्ट येत नाही.

एक मीटरच्या चौकटीचा फोटो वेगळा का घ्यायचा?

समोरचा फोटो तिरपा असतो. त्यात गवत एकामागे एक लपते. जमीन नेमकी किती झाकली आहे ते वरून खाली काढलेल्या फोटोतच कळते. पट्टीच्या खुंटीच्या उजवीकडे दोन मीटरवर एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवा. तिचे दोन समोरासमोरचे कोपरे छोट्या सळयांनी कायम करा, म्हणजे दर वर्षी तोच तुकडा टिपला जातो. पाऊण इंची पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो जोडून चौकट होते, मोडून पिशवीत बसते. मोबाइल दीड मीटरवर, अगदी आडवा धरा. स्वतः सूर्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहा, म्हणजे आपली सावली मागे पडते. तरीही ठोंबांच्या सावल्या काळ्या येतात, म्हणून दुसऱ्या माणसाने काळी छत्री धरून पूर्ण चौकटीवर सारखी सावली करावी. अर्धी चौकट उन्हात आणि अर्धी सावलीत आली तर तो फोटो मोजायला निरुपयोगी. रंगीत छत्री नको, गवतावर तिचा रंग उतरतो.

चौकटीत पाय ठेवू नका आणि तिथले गवत उपटून ओळखू नका. ओळखीसाठी बाहेरचे घ्या.

फोटोत माहितीची पाटी कशी ठेवायची?

शाळेची पाटी आणि खडू. पांढरा बोर्ड उन्हात इतका चकाकतो की अक्षरे पुसल्यासारखी येतात आणि त्याच्या उजेडाने मोबाइल उरलेला फोटो काळवंडून टाकतो. पाटीवर बिंदूचा क्रमांक, दिशा, तारीख. अक्षरे किमान पाच सेंटिमीटर. पाटी पट्टीच्या बुडाशी, पण पट्टीचा खालचा पट्टा झाकणार नाही अशी. बाकी सगळे नोंदवहीत: वेळ, भिंगाची उंची, कापणी झाली का, जाळ लागला का, किती कळप बसून गेले, टोळ किंवा वाळवी दिसली का, १ जूनपासून त्या दिवसापर्यंतचा पाऊस. महसूल मंडळाचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. मंडळाचा आकडा तुमच्या माळावर पडलेल्या पावसाशी तंतोतंत जुळत नाही, पण वर्षावर्षांची तुलना करायला पुरतो.

पुढच्या वर्षी तोच फोटो कसा जुळवायचा?

आधीचा फोटो ए-४ कागदावर छापून न्या. मोबाइलच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही, आणि लॅमिनेशन चमकते. साध्या पारदर्शक पिशवीत घातलेला कागद सर्वात बरा. कागदावर उभ्या-आडव्या तीन-तीन रेघा ओढा, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाळी चालू करा. काठी कॅमेऱ्याच्या खुंटीवर, पट्टी पट्टीच्या खुंटीवर, पट्टीचा माथा कागदावर ज्या जागी आहे त्याच जागी. मग मागच्या टेकडीची रेघ जुळते का ते बघा. माणसांनी फोटोत येऊ नये. घाईने काढलेले फोटो घरी येऊन जुळत नाहीत असे कळते तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो, म्हणून जागेवरच मोठा करून तपासा.

जुना फोटो सापडला आहे, पण तो कुठून काढला ते माहीत नाही. जागा कशी शोधायची?

या कामाला वेळ लागतो आणि ते मन लावून करण्यासारखे आहे. फोटोत अशा दोन वस्तू शोधा ज्या आजही आहेत आणि एक जवळ, एक लांब आहे. समजा जवळचा धोंडा आणि मागच्या टेकडीचा सुळका. जुन्या फोटोत सुळका धोंड्याच्या अगदी डोक्यावर आहे. तुम्ही उभे आहात तिथून धोंडा सुळक्याच्या डावीकडे दिसतो, तर तुम्ही जास्त उजवीकडे आहात. डावीकडे सरका. दोन्ही एका रेषेत आले की तुम्ही त्या रेषेवर कुठेतरी आहात. आता तशीच दुसरी जोडी घ्या, फोटोच्या दुसऱ्या टोकाची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे जुना कॅमेरा उभा होता.

पुढे-मागे किती, ते मोजून काढता येते. फोटोत जवळच्या दोन धोंड्यांमधले अंतर आणि लांबच्या दोन सुळक्यांमधले अंतर मोजपट्टीने मोजा आणि भागाकार करा. जुन्या फोटोत ४२ आणि ६० मिलिमीटर, म्हणजे ०.७०. तुमच्या फोटोत ४५ आणि ६०, म्हणजे ०.७५. जवळचे जास्त फाकले आहे, अर्थात तुम्ही पुढे आला आहात. ०.७५ ला ०.७० ने भागले की १.०७ येतात. धोंडे तुमच्यापासून वीस मीटरवर असतील तर जुना कॅमेरा एकवीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर होता. दीड मीटरभर मागे जा. फोटो कितीही मोठा किंवा छोटा छापलेला असो, हा भागाकार तोच राहतो. यातले सौंदर्य हेच.

उंचीचे विसरू नका. जुने कॅमेरे तिकाटण्यावर, कधी बैलगाडीत किंवा जोत्यावर उभे राहून लावलेले असत.

असे जुने फोटो मिळतात कुठे?

घरोघरी. लग्नाची वरात, जत्रा, पालखीचा तळ, नव्या विहिरीचे पूजन, १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामे. माणसांच्या मागे जी टेकडी दिसते तीच आपल्या कामाची. शाळांचे जुने अल्बम, देवस्थानचे दप्तर, पुरातत्त्व खात्याने काढलेले देवळांचे फोटो, वन विभागाच्या कार्य आयोजना. फोटो नसेल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये गवतांच्या आणि झाडांच्या याद्या आहेत. मूळ फोटो घरातून नेऊ नका. तिथेच सावलीत, फ्लॅश न वापरता, मोबाइलने टिपा आणि मागे काही लिहिले असेल तर तेही टिपा.

फोटोतून आकडे कसे काढायचे?

चौकटीच्या फोटोवर दहा उभ्या आणि दहा आडव्या रेघांची जाळी टाका. शंभर छेदबिंदू होतात. प्रत्येकाखाली काय आहे ते लिहा: बहुवर्षायू गवत, एकवर्षायू गवत, रुंद पानांची वनस्पती, वाळका पाचोळा, दगड, उघडी माती. शंभरातले तीस गवतावर पडले तर आच्छादन तीस टक्के. पण शंभर बिंदूंच्या अशा मोजणीत साधारण नऊ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. तीसाचे चौतीस झाले म्हणून सुधारणा जाहीर करू नका. शक्य असेल तर दोन माणसांनी एकमेकांचे न बघता मोजावे. त्यांच्यातला फरक दहापेक्षा जास्त येत असेल तर आधी वाळके गवत आणि पाचोळा यांची व्याख्या ठरवा. बहुतेक भांडण तिथेच असते.

समोरच्या तिरप्या फोटोत टक्केवारी काढू नका, कारण पुढचा काही मीटरांचाच भाग अर्धा फोटो व्यापतो. त्यात झुडपे मोजा. प्रत्येक झुडपाभोवती रेघ काढून क्रमांक द्या, पुढच्या फोटोत तोच क्रमांक शोधा. नवीन किती आली, मेली किती, ते मिळते. उंचीही काढता येते: पट्टीच्या रेषेतले झुडूप पट्टीएवढे दिसले तर एक मीटर, आणि वीस मीटरवरचे झुडूप पट्टीएवढे दिसले तर दोन मीटर.

चारा किती, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी कायम चौकटीच्या बाहेर एक चौरस मीटर गवत कापा, पूर्ण वाळवा, वजन करा. १८० ग्रॅम भरले तर हेक्टरी १८०० किलो. अशा किमान पाच जागांची सरासरी घ्या.

फोटोत हिरवे वाढले. म्हणजे माळ सुधारला ना?

याचे उत्तर बहुतेक वेळा 'अजून सांगता येत नाही' असे असते, आणि कधीकधी स्पष्ट 'नाही' असते.

माळरान ही उजाड झालेली जंगलजमीन नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या या मुलखात विरळ हिवर-बाभळींसह गवत हीच तिची मूळ आणि पुरी अवस्था आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, माळढोक, धाविक आणि मेंढरांचे वाडे या गवतावर जगतात. सरकारी कागदांत ती 'पडीक' म्हणून नोंदली गेली, आणि म्हणून तिच्यावर खड्डे घेऊन गिरिपुष्प, सुबाभूळ लावली जाते. दहा वर्षांनी फोटो घेतला तर तो हिरवागार दिसतो. जवळ जाऊन बघितले तर झाडांखाली गवत उरलेले नसते, आणि गिरिपुष्पाच्या पाल्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. वेडी बाभूळ माजली तरी फोटो हिरवा होतो. टाकळा आणि गाजर गवत पसरले तरी हिरवा होतो. नोव्हेंबरात मोकळा माळ सोनेरी दिसतो तो मेलेला नसतो. गवत पिकून बी झडलेले असते आणि जोम मुळांत उतरलेला असतो.

म्हणून फोटो बघताना रंग सोडा. बहुवर्षायू ठोंबे वाढली का, त्यांच्यातली उघडी माती कमी झाली का, घळी भरत आहेत का, झुडपे कोणत्या जातीची वाढली, हे चार प्रश्न विचारा.

चराईबंदीचा फायदा फोटोंनी सिद्ध होईल का?

बदल दिसेल, पण त्याचे कारण आपोआप सिद्ध होणार नाही. पहिल्या दोन वर्षांतली वाढ जवळपास हमखास दिसते. चार-पाच वर्षे काहीच चरले किंवा कापले नाही तर जुने वाळके गवत साचून नवे फुटवे दबतात, आणि फोटोत करडा गादीसारखा थर दिसतो. तोही तेवढ्याच प्रामाणिकपणे दाखवा. शेजारच्या चरत्या रानाचा फोटो बरोबर ठेवा, आणि तुलना सारख्या पावसाच्या दोन वर्षांची करा.

फोटोंचा वापर मेंढपाळांविरुद्ध पुरावा म्हणून करू नका. कळप कधी आला, किती दिवस बसला, त्या साली पाऊस कसा होता, कोणते गवत कधी गेले, हे धनगरांइतके नेमके कोणी सांगत नाही. जुने फोटो घेऊन त्यांच्या वाड्यावर जा आणि विचारा. कारणांची निम्मी यादी तिथे मिळते.

परवानगी आणि जिवाची काळजी?

गायरानासाठी ग्रामपंचायतीला लेखी कळवा, वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. रेहेकुरी, मयूरेश्वर, नान्नज यांसारख्या अभयारण्यांत लेखी परवानगीशिवाय खुंटी ठोकू नका. ऑक्टोबरच्या गवतात फुरसे आणि घोणस असतात. गुडघ्यापर्यंत बूट, हातात काठी, आणि दगड उचलताना आपल्याकडच्या बाजूने नव्हे तर पलीकडची कड वर करून. लांडग्याची गुहा किंवा माळावरच्या पक्ष्याचे घरटे फोटोत आले तर तो फोटो ठिकाणाच्या माहितीसह कोणालाही पाठवू नका.

फोटो कसे जपायचे?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल कधीही कापू किंवा उजळवू नका, काम प्रतीवर करा. नाव एकाच साच्यात: गायरान०३-उत्तर-२०२५-१०-०५. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवली की फाइल आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती ठेवा: संगणकावर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि ऑनलाइन. दर पाच वर्षांनी निवडक फोटो छापून ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या दप्तरात ठेवा.

बहुतेक मालिका कॅमेऱ्यामुळे नव्हे, माणूस बदलल्यामुळे तुटतात. शिक्षकाची बदली होते, वनरक्षक दुसऱ्या बीटला जातो. म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येक बिंदूचे एक पान तयार करा: हाताने काढलेला रस्ता, साक्षीखुणांची अंतरे, गाडलेल्या सळईची जागा, आणि कॅमेऱ्याच्या खुंटीवर उभ्या असलेल्या माणसाचा दहा पावले मागून घेतलेला फोटो. ते पान हातात देऊन, या कामाशी काही संबंध नसलेल्या कोणाला तरी एकट्याने बिंदू शोधायला पाठवा. अर्ध्या तासात सापडला नाही, तर पान पुन्हा लिहा.